आवाज परत येईल, असं मी म्हणाले

बेबीताई, परवा दुपारी तुझा मोबाइल वाजला. आम्ही तो अजून चार्जिंगला लावतो, का ते मला विचारू नकोस. पलीकडे पेणकडच्या कुणी बाई होत्या. मुलीची हळद ठरली होती आणि धवला गायला त्यांना बेबीताईच हव्या होत्या. मी म्हटलं, "ती गेली." त्या म्हणाल्या, "बरं, मग कधी येतील?"  संध्याकाळी करा, असं सांगून मी फोन ठेवला. संध्याकाळी त्यांनी खरंच पुन्हा केला, तेव्हा रमेशनं उचलला आणि नीट सांगितलं. तुझ्या भावाला अशी वाक्यं बोलता येतात. मी तेव्हा पुसलेला ओटा परत पुसत होते.

तुला जाऊन अठरा दिवस झाले. या अठरा दिवसांत मी एका जागी अशी बसलेलीच नाही. औषधांच्या दुकानात जाते आणि लावलेली खोकी काढून पुन्हा लावते. मालक नुसते बघतात. घरी येते आणि धुतलेली भांडी धुते. जरा टेकलं की तू समोर येतेस आणि आपलं अर्धवट राहिलेलं भांडण सुरू करतेस. म्हणून वही घेतली. लिहिताना हात तरी हलता राहतो.

मी माणगावची. डी. फार्म. झालेली, जरा शिष्ट. लग्न होऊन उरणच्या या गावात आले तेव्हा तुला पहिलं वर्षभर "तुम्ही" म्हणत होते. थोरली नणंद, त्यात सगळ्या पंचक्रोशीतल्या लग्नांची धवलारीण. एक दिवस बोंबील साफ करता करता तू मान वर न करता म्हणालीस, "मना तुमी नको सांगू. तुमी सांगितला का मना सासू झाल्यासारका वाटतं." तेव्हापासून तू झालीस.

आमच्या माणगावात लग्न म्हणजे भटजी. इथं आले तर माझ्या हळदीला भटजीच्या आधी तू. देवांना आवतण देण्यापासून हळद उतरेपर्यंत एकेका विधीचं धवल्यातलं गाणं, आणि ती सगळी तुझ्या एकटीच्या डोक्यात. नवरा गेल्यावर तू माहेरी परतलीस, पण विधवा म्हणून तुला कुणी मांडवाबाहेर ठेवलं नाही. तू गायल्याशिवाय मांडवात पुढचं काही होतच नव्हतं. उंच, बारीक, ताणलेल्या तारेसारखा आवाज होता तुझा. माइक नको म्हणायचीस. मिठागराच्या पलीकडच्या गावात बायका हातातलं काम थांबवून म्हणायच्या, बेबीनं देवांना बोलावलं.

मग तो ट्रेलर. बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरच्या ट्रेलरनं रमेशच्या स्कूटरला नुसतं घासलं. त्याचा पाय मोडला आणि मागे बसलेली तू डोक्यावर पडलीस. चार टाके पडले. तू टाक्यांवरून पदर घेऊन तिसऱ्या दिवशी हळदीला गेलीस. आम्हाला वाटलं, सुटलो. चार महिन्यांनी ओटीवर तांदूळ निवडताना तुझं सूप हातातून सुटलं, डोळे वर गेले आणि अंग ताठ होऊन झटके द्यायला लागलं. शेजारणी धावल्या. कुणी कांदा आणला, कुणी चप्पल. मी दोन्ही बाजूला केली, तुला कुशीवर वळवलं आणि घड्याळ बघत बसले. तुला नंतर त्यातलं काही आठवत नव्हतं. तू फक्त विचारलंस, "तांदूल कोनी सांडला?"

डॉक्टरांनी आकडीची गोळी सुरू केली आणि आकडी थांबली. पण महिन्याभरात तुझी पावलं जड झाली. दुपारी बसल्या बसल्या डुलक्या लागायला लागल्या, आणि एका लग्नात गावदेवीनंतर कुठला देव ते तुला आठवेना. तीस वर्षांत पहिल्यांदा तू मधेच थांबलीस. घरी येऊन मला म्हणालीस, गोळीत काय आहे ते सांग. मी सांगितलं, डोक्यातल्या पेशी एकमेकींना निरोप देत असतात. जखमेच्या जागेजवळच्या पेशी सगळ्या एकदम ओरडायला लागल्या की आकडी येते. ही गोळी त्यांना हळू बोलायला लावते. पण ओरडणारी कोण आणि गाणारी कोण हे तिला कळत नाही, म्हणून ती सगळ्यांनाच हळू करते. तू विचार केलास आणि म्हणालीस, "म्हंजे आमच्या शालेतला मास्तर. एक पोर बोलला का सगल्या वर्गाला छड्या." मी कॉलेजात तीन पानं पाठ केली होती, ती तू एका वाक्यात संपवलीस.

तेव्हा आपण वही सुरू केली. तुला लिहिता येत नव्हतं, मला गाता येत नव्हतं. दुपारी दुकान बंद असायचं तेव्हा तू गायचीस आणि मी दुरेघी वहीत उतरवायचे. एखादी ओळ अडली की तू मांडीवर थाप मारत पहिल्यापासून सुरू करायचीस आणि ओळ आपोआप यायची. मला तुमची भाषा नीट लिहिता यायची नाही. मी शुद्ध करून लिहिलं की वाचून दाखवताना तू ओरडायचीस. त्या दुपारी मला फार आवडायच्या. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगायचं असतं हेच माहीत नव्हतं.

दोन वर्षांनी तुझ्या दंडावर जांभळे डाग दिसले. तू म्हणालीस, लाकडं लागली असतील. मग दात घासताना रक्त यायला लागलं, जिना चढताना धाप. रिपोर्ट माझ्याच दुकानात माझ्या हातात आला. लाल पेशी, पांढऱ्या पेशी, रक्त गोठवणाऱ्या पेशी, सगळंच तळाला. मोरा बंदरावरून लाँचनं तुला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथं कंबरेच्या हाडातून मगज काढून तपासला. रक्त जिथं तयार होतं ती जागाच रिकामी झाली होती. डॉक्टर म्हणाले, आकडीच्या त्या गोळीनं क्वचित असं होतं. तिनंच झालं असेल असं नाही, नसेल असंही नाही. ती गोळी बदलली. रमेशचा मगज तुला द्यायचा म्हटलं, तर तो जुळला नाही. इंजेक्शनांचा कोर्स झाला, त्याला तुझ्या रक्तानं दाद दिली नाही. तोवर तू दर पंधरा दिवसांनी दुसऱ्याचं रक्त घेऊन घरी यायचीस आणि म्हणायचीस, आज कुणाचं चढवलंय कोण जाणे, चहा गोड लागतोय.

मग डॉक्टरांनी दुसरा रस्ता सांगितला. एक गोळी, पुरुषाच्या शरीरातल्या हार्मोनच्या जातीची. ती मगजाला चालना देते, सगळ्यांना नाही पण काहींना. तू आत पलंगावर रक्त घेत होतीस आणि डॉक्टर मला बाहेर व्हरांड्यात समजावत होते, मी औषधांतली म्हणून जरा सविस्तर. चेहऱ्यावर केस येतील, पुरळ येईल, भूक वाढेल, स्वभाव तापट होऊ शकतो, लिव्हरवर लक्ष ठेवावं लागेल. आणि आवाज जाड होईल. बाकीचं गोळी बंद केल्यावर बरंचसं जातं, आवाज मात्र सहसा तसाच जाड राहतो. ते म्हणाले, "पेशंटला नीट समजावून सांगा आणि मग ठरवा."

मी आत आले. तू विचारलंस, काय म्हणाले? मी म्हटलं, नवीन गोळी आहे, तिनं रक्त वाढेल. थोडे केस येतील ओठावर, पुरळ येईल. तू हसलीस, म्हणालीस, येऊ दे, आता कोन मना बघायला येनार हाय.

आवाजाचं मी सांगितलं नाही. ताई, मी विसरले नव्हते. ते शब्द माझ्या तोंडापर्यंत आले होते. मला ठाऊक होतं की सांगितलं तर तू नको म्हणशील, आणि नको म्हणालीस तर मरशील. मला तू हवी होतीस, आवाज गेला तरी चालणार होता. तो आवाज माझा नव्हता, हे तेव्हा माझ्या लक्षातच आलं नाही.

गोळी लागू पडली. तिसऱ्या महिन्यात रक्त वाढायला लागलं, पाचव्यात रक्त चढवायची गरज संपली. तू अंगानं भरलीस. भाताची भरलेली गोणी तू उंबऱ्यावरून एकटीनं आत ओढलीस आणि रमेश नुसता बघत राहिला. बावन्नाव्या वर्षी गालावर पुरळ आलं, त्याला तू "मना आता नवरा बघा" म्हणून हसायचीस. हनुवटीवर राठ केस आले. रविवारी खिडकीत बसून मी ते दोऱ्यानं काढायचे आणि तू डोळे मिटून, हूं की चूं न करता बसायचीस.

रागही आला. तू आधीही तापट होतीस, पण आता भडका उडायचा. एकदा ताट भिंतीवर गेलं. आकडीची नवी गोळीही तशीच, तिनंही माणसं चिडतात, उदास होतात. मी दोन्ही स्ट्रिपा समोर ठेवून बसायचे आणि कुठली तुला छळतेय ते शोधायचे. डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले दोन्ही करू शकतात. त्यांनी आकडीची गोळी थोडी कमी केली. थोडा फरक पडला, थोडा नाही.

आणि मग ती दुपार. शेजारच्या ताराबाईंनी त्यांची मासळी आपल्या अंगणात वाळत घातली, तुझं भात वाळतं त्या जागेवर. तू त्यांच्यावर अशी तुटून पडलीस की त्या रडायला लागल्या. मी त्यांना कोपऱ्यात नेऊन हळूच म्हटलं, मनावर घेऊ नका, ताई नाही, गोळी बोलतेय. तू मागेच उभी होतीस. ओरडली नाहीस. ताराबाई गेल्यावर मला म्हणालीस, "सविते, मना राग आयला तं तो माजा हाय. तिनी माजी जागा अडवली म्हनून मी बोलली."

मी तुला समजावायला गेले. औषध मेंदूवर कसं काम करतं, माणसाला स्वतःला ते कळत नाही, वगैरे. काउंटरवरच्या आवाजात. तू ऐकून घेतलंस आणि विचारलंस, "आनि मी हसली तं? तवा पन गोलीच हसते काय?"

मी भात पसरायला अंगणात उतरले.  त्यानंतर तू रागावलीस की मी गप्प बसायचे, आणि तुला माझं ते गप्प बसणं कळायचं. एखाद्या आजारी माणसाचं बोलणं सोडून द्यावं तसं मी तुझं बोलणं सोडून देत होते. तू कधी खरंच माझ्या चुकीसाठी रागावली असशील. मी ती चूक मोजलीच नाही, सगळं गोळीच्या नावावर टाकलं.

आवाज गेला तो हळूहळू. आधी वाटलं सर्दी. मग एका हळदीला देवांना आवतण देताना उंचावरची ओळ घेतलीस आणि आवाज मधेच चिरला, वयात येणाऱ्या मुलाचा चिरतो तसा. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. घरी येऊन तू माझ्याकडे घशाचं औषध मागितलंस. आणि मी दिलं, ताई. ज्येष्ठमध दिला, गुळण्या करायला लावल्या, रोज हळदीचं दूध केलं. तीन महिने. यातल्या एकानंही काही होणार नाही हे मला माहीत असताना मी तुला वाफ घ्यायला बसवत होते आणि वर तुझ्या डोक्यावर टॉवेल धरत होते.

एकदा तू विचारलंस, हे गोळीनं झालं का? मी म्हटलं, असेलही. मग विचारलंस, "तुला आदी म्हाईत होता?" मी म्हटलं, नाही. एवढंच म्हटलं, आणि उठून गॅस बंद करायला गेले. गॅस बंदच होता.

त्या हंगामात तू कुठल्याही लग्नाला गेली नाहीस. फोन यायचे. तू उचलून हॅलो म्हणालीस की पलीकडची बाई म्हणायची, दादा, जरा बेबीताईंना देता का? पहिल्यांदा तू फोन माझ्या हातात दिलास. नंतर नंतर शांतपणे म्हणायला लागलीस, "ती भायेर गेली, न्हाय येनार." आणि फोन ठेवून आपल्या कामाला लागायचीस. रमेशला एकदा ते ऐकून हसू आलं. तूही हसलीस. मी मोरीत जाऊन नळ सोडला.

पुढच्या वैशाखात ताराबाईंच्या नीलमचं लग्न निघालं. तिच्या जन्मापासून तू सांगून ठेवलं होतंस, हिचा धवला मी गाणार. मांडव पडला आणि ताराबाई स्वतः तुला बोलवायला आल्या, मासळीचं भांडण विसरून. तू नाही म्हणालीस. मग नीलम आली. ती तुझ्या पायाशी बसून राहिली. शेवटी तू मला म्हणालीस, वही घे.

मांडवात तू सुरुवात केलीस तेव्हा मागच्या दोन बायकांनी तोंडाला पदर लावला. खालचा, भरडा, छातीतून येणारा आवाज. तुझा उंच सूर आता तुला लागत नव्हता, तर तू तो धरायला गेलीच नाहीस. पूर्ण धवला खाली उतरवलास. मी शेजारी बसून पानं उलटत होते, तुला बहुतेक ओळी आठवत होत्या, दोनदाच माझ्याकडे पाहिलंस. मागे धरणाऱ्या बायकांना आधी जमेना. त्यांच्या अंगात तुझा जुना सूर होता. मग एकेक जण खाली उतरली. हळद लागेपर्यंत सगळा मांडव तुझ्या त्या आवाजात गात होता. इतका खालून धवला मी कधी ऐकला नव्हता, आणि मला वाटतं तिथं बसलेल्या म्हाताऱ्यांनीही ऐकला नव्हता. मला तेव्हा वाटलं, सुटलो. ताई जगली आणि गाणंही जगलं. मीही सुटले.

चार दिवसांनी आपण पेरणीचं बी पाखडत होतो. तू एकदम विचारलंस, "गोली बंद केली तं आवाज परत येल काय?"

तू इतक्या सहज विचारलंस की मी सावध नव्हते. आणि तुझ्या चेहऱ्यावर ते होतं, मांडवातून आल्यापासूनचं, उजळलेलं. मी म्हणाले, "येईल. हळूहळू येईल. पण इतक्यात बंद करायची नाही." तू मान हलवलीस आणि सूप पुढे ओढलंस.

पुढचं सगळ्या गावाला माहीत आहे. डॉक्टरांनी चार महिन्यांनी बोलावलं होतं, तू म्हणालीस भातकापणी झाली की जाऊ, आणि मी मान डोलावली. मी, औषधांतली. कापणीच्या वेळी तुझ्या तळहातावर विळ्याच्या मुठीचा काळा-निळा वळ उठला, तो आठ दिवस गेला नाही. मग ताप आला. तुझी पिशवी भरताना देव्हाऱ्यामागे कापडात गुंडाळलेल्या स्ट्रिपा सापडल्या. आकडीच्या गोळ्या तू वेळच्या वेळी घेत होतीस. दुसऱ्या, मी दर महिन्याला तुझ्या हातात ठेवलेल्या, ज्येष्ठापासूनच्या सगळ्या तशाच होत्या, एकही फोडलेली नव्हती.

वॉर्डात नऊ दिवस. रक्तात जंतू पसरले होते आणि त्यांच्याशी लढायला तुझ्याकडे पांढऱ्या पेशीच नव्हत्या. मी तुला विचारलं नाही, का बंद केलीस. विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, तूच म्हनालीस ना, आवाज येल म्हनून. ते ऐकायची माझी ताकद नव्हती. सहाव्या दिवशी तुला जरा बरं वाटत होतं. तू वही मागितलीस. मी वाचून दाखवायला लागले, तर मास्क बाजूला सारून तू चिडलीस. सातव्या पानावर मी देव उलटसुलट लिहिलेत, किती वेळा सांगितलं, लक्ष कुठं असतं तुझं. शेजारच्या पलंगावरच्या बाई वळून बघायला लागल्या. मी पेन काढून तिथल्या तिथं दुरुस्त केलं. तेच आपलं शेवटचं नीट बोलणं. तू माझ्यावर ओरडत होतीस आणि मी देवांचा क्रम लावत होते.

तू गेल्यावर मी एकच गोष्ट उगाळत राहिले. मी आवाज परत येईल म्हणाले, म्हणून ताईनं गोळी सोडली, म्हणून ताई गेली. कुणाला सांगितलं नाही. बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी रमेश अंगणात दोरीवरचे कपडे काढत होता, तिथं जाऊन सगळं सांगितलं. व्हरांड्यातल्या डॉक्टरांपासून बियाण्यापर्यंत. त्यानं कपडे खांद्यावर टाकले आणि ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तिला माहीत होतं."

ज्येष्ठात दुकानात माल उतरायचा होता म्हणून मी आले नाही, तेव्हा तो तुला मुंबईला घेऊन गेला होता. तिथं तू स्वतःच्या तोंडानं डॉक्टरांना विचारलंस. त्यांनी सरळ सांगितलं की आवाज येणार नाही, गोळी थांबवली तरी नाही, आणि थांबवू नका. हेही सांगितलं की हे त्यांनी तुझ्या भावजयीला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. परतीच्या लाँचमध्ये तू रमेशला म्हणालीस, "सवितेला नको सांगू मी इचारला म्हनून. तिला वाटतं ती मना सांभालते. वाटू दे."

रमेशनं खरंच सांगितलं नाही. गोळ्या तू सोडल्यास हे मात्र त्यालाही माहीत नव्हतं.

आता मला सांग, मी याचं काय करू? सहा महिने तू माझं खोटं माहीत असून माझ्याबरोबर बोंबील साफ केलेस, माझ्याकडून हनुवटीचे केस काढून घेतलेस. एकदाही टोचून बोलली नाहीस. ताराबाईंना मासळीवरून रडवणारी बाई तू, आणि मला काही नाही? मला आधी सुटल्यासारखं वाटलं, की माझ्या शब्दानं तू गोळी सोडली नाहीस. ते सुटणं फार तर तासभर टिकलं. कारण मग का सोडलीस? आवाज येणार नाही हे कळल्यावर का?

मी रोज नवं कारण शोधते. बरी झाले असं वाटलं असेल. केसांचा कंटाळा आला असेल. काल दुकानात स्ट्रिपा मोजताना वाटलं, तुला बघायचं असेल, गोळीशिवाय तू किती उरतेस. राग कोणाचा, हसू कोणाचं, ते तूच तपासून पाहायला निघाली असशील, कारण मी तुला तो प्रश्न पडायला लावला होता. तसं असेल तर तुला उत्तर मिळालं, ताई. सहा महिने ती गोळी तुझ्या अंगात नव्हती आणि वॉर्डात तू माझ्यावर तशीच ओरडलीस. आकडीची गोळी होती अजून, असं माझ्यातली फार्मासिस्ट लगेच म्हणते. तिला मी आता गप्प करते. देव मी खरंच उलटे लिहिले होते. तुझा राग बरोबर होता.

पण कदाचित यातलं काहीच नसेल. तू मला सांगितलं नाहीस, कारण आपल्या घरात महत्त्वाचं सांगायचं नसतं, ही पद्धत मीच पाडली.

मला तू जगलेली ती दोन वर्षं परत द्यायची नाहीत. गोणी ओढणारी, फोनवर दादा झालेली, सगळ्या मांडवाला आपल्या सुरात खाली उतरवणारी तू मला मिळालीस, ती त्या गोळीमुळे. त्याबद्दल मी तिचे आभार मानते आणि दुसऱ्या क्षणी तिच्या पाकिटाकडे बघवत नाही. दुकानात तो कप्पा माझ्या डोक्याच्या उंचीवर आहे.

त्या दिवशी व्हरांड्यातून आत आल्यावर तुझ्या पलंगावर बसून मी जे म्हणायला हवं होतं, ते आता म्हणते. उशीर झालाय, पण पूर्ण म्हणते, एकही शब्द न गाळता.

ताई, या गोळीनं तुझं रक्त वाढेल, बहुतेक वाढेल, खात्री नाही. चेहऱ्यावर केस येतील. राग येईल, आणि तो तुझा की गोळीचा ते आपल्याला कधीच नीट कळणार नाही. आवाज जाड होईल, आणि एकदा झाला की तो परत येणार नाही. गोळी घेतली नाहीस तर रक्त चढवत राहू, ते किती दिवस पुरेल हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. मला वाटतं तू घ्यावीस, कारण मला तू हवी आहेस. पण गाणं तुझं आहे. घ्यायची की नाही, ते तू सांग.